जखम पाहून कीं कागद पाहून?

आपल्या देशांत सैनिकाविषयीं आदर नाहीं असें म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. स्वातंत्र्यदिनीं आणि प्रजासत्ताकदिनीं त्याच्या नांवाचा जयघोष होतो. तो रणांत पडला तर त्याच्या गांवीं कमान उभारली जाते. शाळेंतील मुलांकडून त्याच्या शौर्यावर निबंध लिहवून घेतले जातात. परंतु हाच सैनिक मरणाच्या दाढेंतून सुटून, पण शरीरानें किंवा मनानें खचून घरीं आला, आणि "माझी ही अवस्था तुमच्या चाकरींत झाली, तिची भरपाई द्या" असें म्हणाला, म्हणजे या आदराचें पुढें काय होतें, हें पाहण्याची तसदी आपण सुशिक्षित म्हणविणारे लोक क्वचितच घेतों. ती घेतल्यास असें दिसून येईल कीं, ज्या सरकारसाठीं त्यानें रक्त आटविलें, तेंच सरकार न्यायासनासमोर त्याचें प्रतिवादी म्हणून उभें असतें, आणि एका न्यायासनासमोर हरलें तर दुसऱ्याकडे धांव घेतें. अपंगत्वाचें निवृत्तिवेतन आणि त्यासाठीं करावीं लागणारीं अपिलें हा विषय रूक्ष आहे खरा. पण राज्याची नीति त्याच्या भाषणांत सांपडत नाहीं, ती अशा रूक्ष विषयांतील वर्तनांतच सांपडते. म्हणून या विषयावर चार स्पष्ट शब्द लिहिणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

दिल्लींतील कचेरींतून पाहिलें तर हा प्रश्न आंकड्यांचा व खर्चाचा दिसतो. आम्ही तो शिरूर अनंतपाळच्या बाजूनें पाहूं इच्छितों. निजामाच्या अमलांतून १९४८ च्या सप्टेंबरांत मुक्त झालेल्या मराठवाड्यांतील हा एक लहान तालुका. लातूर जिल्ह्यांत तो १९९९ मध्यें स्वतंत्र तालुका म्हणून अस्तित्वांत आला. येथील शेती बहुतांशीं पावसाच्या लहरीवर चालणारी, आणि पाऊस किती बेभरवशाचा आहे हें सांगण्यास एकच गोष्ट पुरे: २०१६ च्या एप्रिलांत खुद्द लातूर शहरास मिरजेहून रेल्वेनें पिण्याचें पाणी आणावें लागलें. अशा मुलुखांत शेतकऱ्याच्या घरच्या मुलास लष्कराची भरती ही देशसेवेइतकीच घर तगविण्याची वाट असते. याच तालुक्यांतील उजेड या गांवीं महात्मा गांधींच्या नांवानें यात्रा भरते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल. सत्याच्या उपासकाची यात्रा भरविणाऱ्या मुलुखांतील मुलांनीं बंदूक हातीं घ्यावी, यांत आम्हांस कांहीं विसंगति वाटत नाहीं. विसंगति वाटते ती दुसऱ्याच ठिकाणीं: मुलगा आपला शब्द पाळतो आणि सरकार आपल्या शब्दाचा अर्थ लावीत बसतें.

समजा, अशा एखाद्या गांवचा मुलगा अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीं भरती झाला. भरतीच्या वेळीं सरकारी डॉक्टरांनीं त्याची छाती मोजली. डोळे, कान, दांत, पाय तपासले. दोष आढळला असता तर त्यास तेथूनच परत धाडलें असतें. धाडलें नाहीं, याचा अर्थ सरकारनेंच त्यास निरोगी ठरविलें. पुढें दहा-बारा वर्षें त्यानें बर्फांत आणि वाळवंटांत चाकरी केली, अपुऱ्या झोपेनें पहारे दिले, घरच्या आजारपणाच्या आणि कर्जाच्या वार्ता दूरवर ऐकल्या, आणि एके दिवशीं त्यास फेपरें आलें, किंवा त्याचें मन भ्रमिष्ट झालें, किंवा पाठीचा कणा कामांतून गेला. मग त्याच्यासाठीं वैद्यकीय मंडळ बसतें. त्या मंडळापुढें मुख्यतः तीन प्रश्न असतात. हा रोग सेवेमुळें उद्भवला काय? उद्भवला नसल्यास सेवेमुळें बळावला काय? आणि त्यामुळें आलेलें अपंगत्व शेंकडा किती? पहिल्या दोहोंपैकीं एकाचें उत्तर होकारार्थी आलें आणि आंकडा शेंकडा वीसपर्यंत पोंचला, तर वेतनाचा हक्क उत्पन्न होतो. पूर्ण म्हणजे शेंकडा शंभर अपंगत्वास शेवटच्या पगाराच्या शेंकडा तीस, आणि त्याहून कमी अपंगत्वास त्या मानानें कमी, असा हा हिशेब आतांपर्यंत चालत आला आहे. म्हणजे शेंकडा पन्नास अपंगत्व ठरलें तरी पगाराच्या शेंकडा पंधराच हातीं पडावयाचे! एवढ्या रकमेनें कोणी बंगले बांधीत नाहीं. पण शिरूर अनंतपाळसारख्या ठिकाणीं तेवढ्यांत औषधपाणी भागतें आणि मुलीची शाळा सुटत नाहीं.

परंतु मंडळानें पहिल्या दोन्ही प्रश्नांपुढें "नाहीं" असें लिहिलें कीं सर्व खुंटलें. ज्या एका ओळीवर माणसाचें पुढील सारें आयुष्य अवलंबून, त्या ओळीस आधारभूत कारण पुष्कळदां दिलेलेंच नसतें. दिलें तर तें साच्यांतून काढल्यासारखें असतें. रोग प्रकृतीचाच होता, किंवा तो सीमेवर सुरू न होतां शांततेच्या ठाण्यांत सुरू झाला, एवढें लिहून वैद्यकशास्त्र मोकळें होतें. जणूं कांहीं शरीर सीमेवर जें सोसतें त्याचा हिशेब तें सीमेवरच चुकता करतें!

या शेऱ्याविरुद्ध दाद मागण्याची वाट कशी आहे तीही पाहूं. सहा महिन्यांच्या आंत पहिलें अपील करावयाचें. तें लष्कराच्याच एका समितीपुढें. तें फेटाळलें गेल्यास पुन्हां सहा महिन्यांच्या आंत दुसरें अपील. तेंही त्याच खात्याच्या वरिष्ठ समितीपुढें. तेथें निराशा झाल्यावर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. हें न्यायाधिकरण २००७ च्या कायद्यान्वयें निघालें आणि २००९ च्या ऑगस्टपासून काम करूं लागलें. त्याचें महाराष्ट्र, गुजरात व गोवा यांसाठींचें पीठ मुंबईस आहे. आतां आमच्या या शिपायाची स्थिति पाहा. त्याची सेवापुस्तिका त्याच्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयांत, म्हणजे बेळगांवास, सागरास किंवा अशाच एखाद्या छावणींत. निवृत्तिवेतनाचे लेखे प्रयागराजास, जें त्याच्या घरापासून हजार किलोमीटरांहून दूर. न्याय मुंबईस, लातूरापासून सुमारें पांचशें किलोमीटरांवर. निवृत्तिवेतनाचा कारभार अलीकडे 'स्पर्श' नांवाच्या संगणकीय व्यवस्थेंतून चालतो. नांव मोठें हृदयस्पर्शी आहे, पण ज्याचे हात थरथरतात किंवा ज्यास अक्षरें लागत नाहींत त्यास तो स्पर्श व्हावा कसा? लातूरास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे आणि तें अर्ज पुढें धाडूं शकतें. परंतु अपील लढविणें हें काम वकिलाचें, आणि लष्करी निवृत्तिवेतनाचा कायदा जाणणारा वकील तालुक्याच्या गांवीं सहसा मिळावयाचा नाहीं. ज्यास फेपरें येतें त्यानें एकट्यानें रात्रीच्या गाडीनें मुंबईस जावें, तारखेस हजर राहावें, पुढची तारीख घेऊन परत यावें, आणि हें वर्षानुवर्षें करावें, असें या व्यवस्थेनें गृहीत धरलें आहे. तेथील सदस्यांच्या जागा रिकाम्या राहिल्यामुळें या न्यायाधिकरणाच्या पीठांचें काम ठप्प झाल्याचे प्रसंगही देशांत अनेकदां घडले आहेत.

वाचक म्हणतील कीं, दावा करणारानें तो सिद्ध करावा हा सर्वत्र नियमच आहे. त्यास सरकार तरी काय करणार? वस्तुस्थिति याच्या अगदीं उलट आहे. १९८२ च्या पात्रता-नियमांतच असें लिहिलें होतें कीं, आपला हक्क सिद्ध करण्याचें ओझें अर्जदारावर टाकूं नये, आणि वाजवी शंका राहिल्यास तिचा फायदा त्यासच द्यावा. ही कल्पना तेव्हांही नवी नव्हती. दुसरें महायुद्ध ऐन भरांत असतांना, १९४३ मध्यें, इंग्लंडनें सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या अपिलांसाठीं कायदा केला, आणि सैनिकानें आपला हक्क सिद्ध करण्याऐवजीं तो नाहीं हें मंत्र्यानें सिद्ध करावें, हें तत्त्व तेथें त्याच वर्षीं मान्य झालें. युद्धाच्या खर्चानें खजिना रिता होत असतांना जें त्या देशास परवडलें, तें आपणांस शांततेच्या काळांत परवडूं नये काय?

नियमांचा हाच अर्थ आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही सांगितला आहे. धरमवीर सिंग यांच्या खटल्याचा निकाल २ जुलै २०१३ रोजीं लागला. नऊ वर्षें चाकरी झालेला हा शिपाई, फेपऱ्यामुळें शेंकडा वीस अपंगत्व ठरवून, १९९४ च्या एप्रिलांत घरीं धाडण्यांत आला होता. रोग सेवेशीं संबंधित नाहीं असा मंडळाचा शेरा होता. न्यायालयानें सांगितलें कीं, भरतीच्या वेळीं रोगाची नोंद नसेल तर तो सैनिक निरोगी होता असें धरून चाललें पाहिजे. पुढें प्रकृति बिघडली तर ती सेवेमुळें बिघडली असें धरलें पाहिजे. आणि मंडळास तसें वाटत नसेल तर त्यानें कारणें लिहिलीं पाहिजेत. २०१४ च्या जूनमध्यें सुखविंदर सिंग यांच्या निकालांत त्याच न्यायालयानें आणखी एक पाऊल टाकलें: ज्यास अपंग म्हणून सेवेंतून काढलें त्याचें अपंगत्व शेंकडा वीसाहून अधिकच समजलें पाहिजे, कारण तें नगण्य असतें तर त्यास काढलें कशाला? या युक्तिवादास उत्तर नाहीं. जो माणूस लष्करास ठेवण्याजोगा वाटत नाहीं, तोच निवृत्तिवेतनाच्या वेळीं मात्र धडधाकट ठरतो, हा चमत्कार आपल्या कचेऱ्यांतच घडूं शकतो. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत राम अवतार यांच्या निकालानें, शेंकडेवारी वरच्या टप्प्यास नेण्याची सवलत मुदत पुरी करून निवृत्त झालेल्या अपंग सैनिकांसही लागू आहे, असें ठरलें.

कायदा इतका स्पष्ट असतां पुढें काय व्हावयास पाहिजे होतें? न्यायाधिकरणानें सैनिकाच्या बाजूनें निकाल द्यावा, आणि सरकारनें तो मुकाट्यानें अंमलांत आणावा. प्रत्यक्षांत सरकारनें अपिलें केलीं, आणि तीं एकदोन नव्हेत तर रीतच म्हणून केलीं. न्यायाधिकरणाच्या निकालावर वरिष्ठ न्यायालयांत जावयाचें तर सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा असला पाहिजे, अशी अट २००७ च्या कायद्यांतच आहे. शिरूर अनंतपाळच्या एका शिपायास फेपऱ्याबद्दल दरमहा थोडी रक्कम द्यावी कीं न द्यावी, यांत कायद्याचा असा कोणता गहन मुद्दा असतो? आणि एकदां सुटलेला मुद्दा पुनःपुन्हां न्यायालयापुढें नेण्याचें प्रयोजन काय? ही गोष्ट आम्हींच म्हणतों असें नाहीं. संरक्षणमंत्री असतांना मनोहर पर्रीकर यांनीं २०१५ मध्यें एक तज्ज्ञसमिति नेमली होती. संरक्षणखात्याचीं निष्कारण कज्जेदलाली कमी कशी करावी, हाच त्या समितीपुढील विषय होता, आणि तिनें त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत दिलेल्या अहवालांत अपंग सैनिकांविरुद्धच्या अपिलांच्या या संवयीवर बोट ठेवलें. म्हणजे रोगाचें निदान खात्याच्या घरांतच झालें होतें. औषध मात्र कोणी घेतलें नाहीं.

२०१५ च्या मार्चमध्यें सर्वोच्च न्यायालयानें, न्यायाधिकरणाच्या निकालांविरुद्धचे अर्ज उच्च न्यायालयांनीं घेऊं नयेत, असें सांगितलें होतें. त्यामुळें हरलेल्या सैनिकास दिल्लीवांचून दार उरलें नव्हतें. २०२३ च्या मार्चमध्यें त्याच न्यायालयानें उच्च न्यायालयांचा तो अधिकार अबाधित असल्याचें सांगून हें दार पुन्हां मोकळें केलें. सैनिकासाठीं उघडलेल्या या दारानें आधीं आंत कोण शिरलें? सरकार! जिंकलेल्या सैनिकांविरुद्ध सरकारचे अर्ज उच्च न्यायालयांत दाखल होऊं लागले, आणि २०२५ च्या जुलैमध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें अशा अर्जांचा एक मोठा गठ्ठा एकाच निकालानें फेटाळून लाविला. त्याच्या आधीं मार्च महिन्यांत, याच न्यायालयानें मधुमेह जडलेल्या एका निवृत्त सुभेदाराच्या बाजूनें निकाल देतांना, रोग शांततेच्या ठाण्यांत सुरू झाला एवढ्या कारणावर वेतन नाकारतां येणार नाहीं, असें सरकारास बजाविलें होतें. सरकारच्या वकिलांस हे निकाल ठाऊक नसतात असें नाहीं. ते त्यांच्या फाइलींतच असतात.

आतां दुसऱ्या बाजूचें म्हणणेंही प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. असें म्हणतात कीं, मधुमेह आणि रक्तदाब हे आजकाल कारकुनासही होतात. मग त्यांचें खापर लष्करावर कां फोडावें? आणखी असें म्हणतात कीं, खोटीं कारणें सांगून वेतन उपटणारे लोकही आहेत. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. महालेखापरीक्षकांच्या तपासणींतही असें आढळून आलें आहे कीं, अपंगत्वाचा लाभ घेऊन निवृत्त होणारांचें प्रमाण शिपाईवर्गापेक्षां अधिकारीवर्गांत बरेंच अधिक आहे. शिवाय सर्वच निकाल सैनिकाच्या बाजूनें लागले आहेत असेंही नव्हे. २०१९ मध्यें एका मनोविकाराच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानेंच, असा रोग भरतीच्या वेळच्या तपासणींत दिसून येणें कठीण असतें, हें ध्यानांत घेऊन सैनिकाचें म्हणणें अमान्य केलें.

पण यावरून निष्पन्न काय होतें? लबाडी होत असेल तर ती वरच्या पायरीवर अधिक होण्याचा संभव आहे. कारण तेथील माणसास नियम ठाऊक असतात, कागद तयार करण्याची विद्या अवगत असते, आणि इंग्रजींत अपील लिहितां येतें. असें असतां तिच्या नांवाखालीं कडक धोरण आखलें, तर त्याचा फटका कोणास बसतो? ज्यास यांपैकीं कांहींच येत नाहीं त्यास! चोर वाड्यांत शिरला म्हणून झोपडीला कुलूप घालण्यासारखें हें आहे. प्रत्येक दावा डोळे झांकून मान्य करावा असें आम्ही म्हणतच नाहीं. मंडळानें तपासावें, खोटें असेल तें कारणें देऊन खुशाल नाकारावें, आणि लबाडी सिद्ध झाल्यास शिक्षाही द्यावी. आमची तक्रार कारण न देतां नाकारण्याविरुद्ध आहे, आणि नाकारणें चुकलें असें न्यायासनानें सांगितल्यावरही हट्ट न सोडण्याविरुद्ध आहे. राहिला कारकुनाच्या मधुमेहाचा प्रश्न. कारकून संध्याकाळीं घरीं जातो, सणास मुलांत असतो, आणि नोकरी नकोशी झाली तर राजीनामा देऊं शकतो. शिपायाचें खाणें, झोपणें, राहण्याची जागा आणि मरणाची जोखीम हीं सर्व दुसऱ्याच्या हुकमानें ठरतात. ज्याचें शरीर इतकें दुसऱ्याच्या ताब्यांत होतें, त्या शरीराच्या बिघाडाची पहिली जबाबदारी ताबा घेणारावरच पडते. हा न्याय बैलगाडी भाड्यानें घेणारासही समजतो.

आपल्या महाराष्ट्राची या बाबतींतील परंपरा निराळी आहे. अफजलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजी महाराजांनीं जखमी लोकांस त्यांच्या जखमा पाहून पंचवीसपासून दोनशें होनांपर्यंत बक्षीस दिलें, आणि पडलेल्यांपैकीं ज्यांस पुत्र नव्हते त्यांच्या बायकांस अर्धें वेतन चालविलें, असें सभासदानें आपल्या बखरींत लिहून ठेविलें आहे. पुढील काळांत कामास आलेल्या शिपायांच्या मुलांच्या पोषणासाठीं बालपरवेशीची चाल होती. त्या काळच्या राज्यांत सर्व गुणच होते असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. पण जखमेचा निवाडा जखम पाहून करावा, ती मिळविणाऱ्याची परीक्षा घेऊन करूं नये, एवढी समज त्या राज्यकर्त्यांस होती.

कोणी म्हणेल कीं, तलवारीची जखम डोळ्यांस दिसते. मनाची आणि मेंदूची दिसत नाहीं. अगदीं खरें. आणि दिसणाऱ्या जखमेची कदर आजही होते, हें आम्ही कृतज्ञतेनें नमूद करतों. पुण्यास १९४४ पासून लष्कराचें कृत्रिम अवयव केंद्र आहे. खडकीस पाठीचा कणा निकामी झालेल्या सैनिकांसाठीं पुनर्वसन केंद्र आहे. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून पंगु झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनीं १९७२ मध्यें हायडेलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक स्पर्धेंत पोहण्याचें सुवर्णपदक जिंकलें. त्यांसही पद्मश्री मिळण्यास २०१८ साल उजाडावें लागलें. दिसणाऱ्या जखमेच्या सन्मानास इतका काळ लागतो, तर न दिसणाऱ्या जखमेनें काय करावें? ती दिसत नाहीं म्हणूनच तर कायद्यानें शंकेचा फायदा सैनिकास दिला आहे! तो फायदा काढून घेतला म्हणजे न दिसणारी जखम आणि नसलेली जखम यांत अंतरच उरत नाहीं.

या सर्व दिरंगाईंत सर्वांत निर्दय गोष्ट म्हणजे काळाचा हिशेब. तरसेम सिंग यांस १९८३ मध्यें सेवेंतून काढण्यांत आलें. ते १९९९ मध्यें न्यायालयांत गेले. आणि २००८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांचा हक्क मान्य करूनही थकबाकी मात्र दाव्यापूर्वींच्या तीन वर्षांपुरतीच ठेविली. उशिरां येणाऱ्यास जुनी थकबाकी नाहीं, हें तत्त्व व्यापाऱ्याच्या बाबतींत ठीक असेल. परंतु ज्यास आपला हक्क आहे हेंच कोणी सांगितलें नाहीं, त्यास उशीर केल्याबद्दल दंड कां? २०२५ च्या एप्रिलांत सर्वोच्च न्यायालयानें अशा एका सैनिकास न्याय दिला, ज्यास सियाचीनच्या कामगिरीनंतर फेपऱ्यामुळें १९८९ मध्यें घरीं धाडलें होतें आणि ज्याची न्यायाधिकरणांतही दाद लागली नव्हती. छत्तीस वर्षें! तेवढ्या काळांत एक पिढी जन्मास येऊन संसारास लागते. सैनिकानें उशीर केला तर त्याची रक्कम कापली जाते. सरकारनें उशीर केला तर कोणाचें काय कापलें जातें?

हा प्रश्न यापुढें सौम्य होण्याऐवजीं अधिक तीव्र होणार आहे. २०२२ पासून शिपायांची भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांच्या मुदतीनें होऊं लागली, आणि त्या चार वर्षांस निवृत्तिवेतन नाहीं. अपंगत्व आल्यास एकरकमी मदत आहे: शेंकडा शंभर अपंगत्वास ४४ लाख, पाऊणास २५ लाख, निम्म्यास १५ लाख रुपये. रकमा लहान नाहींत. पण त्या मिळावयाच्या तर अपंगत्व सेवेमुळेंच आलें असें ठरलें पाहिजे. म्हणजे फिरून तोच शेरा, तीच ओळ. जुन्या शिपायापाशीं त्या ओळीनें हक्क हिरावल्यावरही पुरी सेवा झाली असल्यास साधें निवृत्तिवेतन उरत असे. या एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाजवळ कांहींच उरणार नाहीं. शिवाय २०२३ च्या सप्टेंबरांत पात्रतेचे नवे नियम निघाले आहेत. नियम नवे असोत कीं जुने, ते लावणाऱ्या हातांची वृत्ति बदलली नाहीं तर कागद बदलून कांहीं साधणार नाहीं.

मग करावें काय? आमच्या मतें चार गोष्टी तांतडीनें झाल्या पाहिजेत, आणि त्यांपैकीं एकीसही कोट्यवधि रुपये लागत नाहींत. वैद्यकीय मंडळाचा अभिप्राय सकारण असावा, आणि सैनिक घरीं निघण्यापूर्वीं तो त्याच्या भाषेंत, अपिलाच्या मुदतीसह, लेखी त्याच्या हातीं पडावा. सर्वोच्च न्यायालयानें सोडविलेल्या मुद्द्यावर न्यायाधिकरणानें सैनिकास अनुकूल निकाल दिला तर सरकारनें पुढें जाऊं नये; आणि जावयाचेंच असेल तर ज्या अधिकाऱ्यानें तसा निर्णय घेतला त्यानें आपल्या सहीनें कारण लिहावें. मराठवाड्यासाठीं उच्च न्यायालयाचें खंडपीठ छत्रपती संभाजीनगरास अनेक दशकें बसत आहे. तर न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठानेंही वर्षांतून कांहीं दिवस तेथें फिरती बैठक भरवावी. आणि मूळ नकार चुकीचा ठरल्यास थकबाकी नकाराच्या दिवसापासून व्याजासह मिळावी. कारण चूक ज्याची, विलंबाचा भार त्याचा.

२६ जुलै २०२५ रोजीं राष्ट्रीय विधि सेवा प्राधिकरणानें 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली, आणि सैनिक कल्याण कार्यालयांतून कायद्याचा सल्ला मिळण्याची सोय करण्याचें ठरविलें. ही गोष्ट स्तुत्य आहे, आणि तिचा लाभ आपल्या जिल्ह्यांतील प्रत्येक माजी सैनिकानें अवश्य घ्यावा. परंतु एका हातानें सैनिकास फुकट वकील द्यावयाचा आणि दुसऱ्या हातानें त्याच्याविरुद्ध पगारी वकील उभा करावयाचा, यास औदार्य म्हणावें कीं विनोद, हें आम्हांस कळत नाहीं. दुसरा हात आंवरला तर पहिल्या हातास काम फार थोडें उरेल.

शेवटीं दोन शब्द आमच्या वाचकांस. आपल्या मध्यमवर्गीय घरांतून शिपाई म्हणून भरती होणारे मुलगे थोडे. पण वकील, डॉक्टर, शिक्षक आणि सरकारी अधिकारी पुष्कळ. म्हणजे ज्या शेऱ्यावर शिपायाचें आयुष्य ठरतें तो लिहिणारे, त्याचा बचाव करणारे आणि त्याविरुद्ध अर्ज लिहून देऊं शकणारे, असे तिघेही आपल्याच घरांतले आहेत. म्हणून हा प्रश्न दुसऱ्या कोणाचा आहे असें समजून पान उलटण्याचा अधिकार आपणांस नाहीं. लातूर, उदगीर, निलंगा येथील तरुण वकिलांनीं महिन्यांतून एक दिवस या कामास दिला, शिरूर अनंतपाळच्या शाळाशिक्षकानें आपल्या गांवच्या एका माजी सैनिकाचे कागद वाचून त्यास मुदत केव्हां संपते एवढें जरी सांगितलें, तरी कित्येक अपिलें वेळेवर होतील. आणि ज्यांच्या हातीं सरकारी लेखणी आहे त्यांनीं "नाहीं" लिहिण्यापूर्वीं त्याखालीं कारण लिहितां येतें कीं नाहीं हें पाहावें. येत नसेल, तर कायद्यानें उत्तर आधींच ठरवून ठेविलें आहे, आणि तें सैनिकाच्या बाजूचें आहे.